गायक घडविणारे गायक : पं. विष्णु दिगंबर पलुसकर

आपल्या निपाणीपासून फार दूर नसलेल्या, पंचगंगेच्या तीरावरील कुरुंदवाड या गावी १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. त्यामुळे सुरांचे संस्कार घरातच झाले. परंतु बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूने डोळ्यांस इजा झाली आणि दृष्टी कायमची अधू झाली. शाळेचे शिक्षण खुंटले. तेव्हा मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी गायनाचे शिक्षण घेतले.

त्या काळी गायकाच्या कलेचे कौतुक होई. पण त्याला समाजात मान नसे. शिवाय विद्या मिळवावयाची म्हणजे वर्षानुवर्षे गुरूच्या घरी राबावे लागे. ही स्थिती पालटण्याचा निश्चय करून विष्णुबुवांनी १८९६ मध्ये मिरज सोडली. राजाश्रय सहज लाभला असता, तरी तो न पत्करता ते देशभर हिंडले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या या विद्यालयात कोणाही सामान्य घरच्या मुलास संगीत शिकता येऊ लागले. बुवांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली व क्रमिक पुस्तके छापली.

परंतु एक विद्यालय किती जणांस पुरणार? शिकविणारेच नसतील तर विद्या पसरणार कशी? हे ओळखून बुवांनी ‘उपदेशक वर्ग’ सुरू केला. निवडक मुलांच्या अन्नवस्त्राचा भार स्वतः उचलून ते त्यांस केवळ गाणेच नव्हे, तर गाणे शिकविणेही शिकवीत. मैफल जिंकणाऱ्या गवयाइतकाच मुलांना सूर लावावयास शिकविणारा शिक्षक समाजाला हवा असतो, ही त्यामागील दृष्टी होती.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईस विद्यालय काढले. पुढे त्याच्या वास्तूसाठी काढलेले कर्ज फिटेना व १९२४ मध्ये ती वास्तू लिलावात गेली. आयुष्यभराचे श्रम मातीस मिळाले, असे कोणासही वाटले असते. बुवा नाशिकला रामनामात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले.

तथापि, बुवांची खरी मिळकत लिलावात जाणारी नव्हतीच. त्यांच्या निधनाच्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्याच्या परीक्षांना आजही गावोगावचे विद्यार्थी बसतात. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यास विद्यालय उभारले. विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीस. ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे अध्यापक झाले. बुवांचे चिरंजीव दत्तात्रेय वडिलांच्या निधनसमयी अवघे दहा वर्षांचे होते. त्यांना विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास या बुवांच्याच शिष्यांनी शिकविले आणि ते थोर गायक झाले. पित्याने शिष्यांच्या हाती दिलेली विद्या अशा रीतीने पुत्रास परत मिळाली.

आपल्या शाळेतही गोड गळ्याची मुले-मुली आहेत. स्नेहसंमेलनात टाळ्या मिळाल्या की, मोठा गवई व्हावे असे त्यांना वाटते. ती आकांक्षा त्यांनी अवश्य बाळगावी. परंतु आपण संगीतशिक्षक व्हावे, हाही विचार मनात असू द्यावा. मैफल संपली की टाळ्या विरून जातात. शिकविलेला सूर मात्र दुसऱ्याच्या कंठात जिवंत राहतो.