निजलेला कायदा

ज्या कायद्याचा अंमल होत नाही, तो रद्द करण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न राज्यकर्ते नेहमीच विचारीत आले आहेत. त्याचे उत्तर सर चार्ल्स मेटकाफ यांच्या चरित्रात सापडते, आणि वृत्तपत्राचा व्यवसाय करणाऱ्या आम्हांस त्याचे स्मरण ठेवणे अगत्याचे वाटते.

१७८५ साली कलकत्त्यास जन्मलेले मेटकाफ ऐन तारुण्यात कंपनीच्या चाकरीत शिरले. रणजितसिंगांशी १८०९ साली झालेला अमृतसरचा तह त्यांनीच घडवून आणला. हैदराबादेस रेसिडेंट असताना निजामाला कर्जाच्या पाशात अडकविणाऱ्या गोऱ्या पेढीचे व्यवहार त्यांनी चव्हाट्यावर आणले. ते साम्राज्याचे निष्ठावंत सेवक होते. हिंदी स्वातंत्र्याचे कैवारी त्यांना कोणी म्हणणार नाही.

१८२३ साली जॉन अ‍ॅडम यांनी बंगालमध्ये सरकारी परवान्यावाचून वृत्तपत्र काढण्यास मनाई केली. राजा राममोहन रॉय यांनी निषेधार्थ आपले फारसी पत्र बंद केले. मुंबई इलाख्यातही १८२५ व १८२७ साली मुद्रणावर निर्बंध आले. पुढे लॉर्ड बेंटिंक यांच्या कारकीर्दीत पत्रांना पुष्कळ मोकळीक मिळाली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले ते याच काळात. परंतु नियम दप्तरात तसेच पडून होते. ती मोकळीक ही गव्हर्नर जनरलची मर्जी होती, आणि मर्जी केव्हाही फिरू शकते.

१८३५ साली बेंटिंक मायदेशी गेले व मेटकाफ हंगामी गव्हर्नर जनरल झाले. नवा अधिकारी येईपर्यंत त्यांनी स्वस्थ बसावे, हेच शहाणपणाचे ठरले असते. त्यांनी मेकॉले यांच्या साहाय्याने नवा कायदा केला आणि १५ सप्टेंबर १८३५ पासून बंगाल व मुंबईचे ते सारे नियम रद्द झाले. परवान्याच्या जागी मुद्रक व प्रकाशक यांनी आपले नाव व ठिकाण जाहीर करण्याची अट आली. छापण्यापूर्वी सरकारची अनुज्ञा नको, छापल्यानंतर न्यायासनापुढे जबाब मात्र द्यावा, हे तत्त्व त्यामुळे रुजले.

कंपनीचे संचालक रुष्ट झाले. मद्रासचे गव्हर्नरपद त्यांना मिळाले नाही. १८३८ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. जमेका व कॅनडा येथे अधिकारपदे भूषवून १८४६ साली ते निवर्तले. कृतज्ञ कलकत्तेकरांनी उभारलेला मेटकाफ हॉल आजही हुगळीकाठी उभा आहे.

रद्द केलेला कायदा पुन्हा येतच नाही, असे नव्हे. १८५७ साली कॅनिंग यांनी परवाने परत आणले. परंतु त्यासाठी त्यांना उघडपणे नवा कायदा करावा लागला, कारण सांगावे लागले आणि वर्षाची मुदतही घालावी लागली. दप्तरात निजलेल्या कायद्याला यांतले काहीच लागत नाही. एखाद्या अधिकाऱ्याची लहर त्याला जागे करण्यास पुरते. राज्यकर्त्याच्या सौजन्यावर विसंबून असे कायदे कायम ठेवणे म्हणजे पुढच्या, कदाचित कमी सज्जन, राज्यकर्त्यासाठी शस्त्र राखून ठेवणेच होय. मेटकाफ यांनी ते स्वतःच्या हाताने मोडले. सत्ता हाती असताना तसे करणारे विरळा, असे आम्हांस वाटते.