पन्नास पौंडांचा कॅमेरा

घरात व्हिडिओ करण्याचे वेड शिरले की पहिला प्रश्न येतो तो कॅमेऱ्याचा. माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येणारी मंडळी बरीच आहेत. कुणाच्या मुलीचा नाच टिपायचा असतो, कुणाच्या बहिणीला पारंपरिक पदार्थ करून दाखवायचे असतात, एखाद्या निवृत्त मास्तरांना किल्ल्यांवर काही सांगायचे असते. घरातल्यांनी मिळून एक रक्कम ठरवलेली असते आणि ती जवळजवळ सगळी कॅमेऱ्यावर घालवायची तयारी झालेली असते. मग दिव्याला किती ठेवलेत, मायक्रोफोनला किती, असे विचारले की चेहरे पाहण्यासारखे होतात. अशा वेळी मी किमतींची यादी काढून बसत नाही. दादासाहेब फाळक्यांनी आपला पैसा कसा खर्च केला, ते सांगतो.

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून फाळक्यांचे नाव शाळेच्या पुस्तकांतून आपल्या परिचयाचे असते. त्यांच्या नावाचा पुरस्कारही १९६९ पासून दिला जातो. पण त्यांच्या हिशेबाच्या वहीकडे फारसे कुणी पाहत नाही, आणि मला तर त्या माणसाचे मोठेपण तिथेच अधिक दिसते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. ते विल्सन कॉलेजात शिकवू लागले आणि कुटुंब मुंबईत आले. धुंडिराजांनी १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रणाची दीक्षा घेतली. गोध्र्याला फोटोचा धंदा मांडला, तर तिथे प्लेगने पत्नी आणि मूल दोन्ही हिरावून नेले. १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला, तो सरस्वतीबाईंशी. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समनची नोकरी, ती सोडून छापखाना, रविवर्म्यांच्या चित्रांचे छपाईकाम, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहायला जर्मनीची वारी. मग भागीदारांशी बिनसले आणि चाळिशी गाठलेले फाळके छापखान्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडले. मध्यंतरी जादूचे प्रयोगही करून झाले होते. फाळके हे नाव उलटे वाचून त्यांनी स्वतःला प्रोफेसर केळफा म्हणवून घेतले होते!

घरच्या माणसांना ही सगळी धरसोड वाटली असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. पण बेरीज करून पाहा. भिंगे, रसायने, अंधारी खोली, रंगभूषा, पडदे रंगवणे, हातचलाखी. सिनेमाला लागणाऱ्या जवळजवळ सर्व कला या माणसाच्या अंगी आधीच होत्या. त्यांच्यासाठी बाहेरचा माणूस पगार देऊन आणावा लागणार नव्हता.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या एका चित्रपटगृहात त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. पण फाळक्यांनी लगेच मोठी खरेदी केली नाही. प्रथम आणले ते खेळण्यातले म्हणावे असे स्वस्त यंत्र आणि काही रिळे. रात्री मेणबत्ती आणि भिंग घेऊन भिंतीवर चित्रे पाडायची, दिवसा मिळतील ते चित्रपट पाहायचे आणि विषयावरची पुस्तके वाचायची, असे महिने गेले. झोप जवळजवळ नाहीच. याची किंमत डोळ्यांनी मोजली. दृष्टी जाण्याची वेळ आली होती. उपचारांनी ती वाचली.

आता खरे पैसे हवे होते. घरात ठेव म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे आयुर्विमा. १२,००० रुपयांच्या पॉलिसी गहाण ठेवून फाळक्यांनी १०,००० रुपये उभे केले. घरात लहान मुले, कर्ता पुरुष नुकताच आजारातून उठलेला, आणि त्याच्यामागे कुटुंबाला आधार म्हणून जे कागद ठेवायचे तेच गहाण. यापुढची प्रत्येक खरेदी या पैशातून व्हायची होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तिथे एका सिनेसाप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन थेट संपादकांना भेटले. संपादकांनी आधी त्यांना परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. इंग्लंडातच अनेकांचे हात पोळले आहेत, हिंदुस्थानच्या हवेत हा धंदा तगणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पण पाहुण्याची चिकाटी पाहून त्यांनी सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत फाळके शिकले. कोणता कॅमेरा घ्यावा हे त्यांनी अशा रीतीने जाणत्यांकडून समजून घेतले. दुकानदाराला विचारले नाही. मग खरेदी केली ती विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची. किंमत पन्नास पौंड.

तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडत. म्हणजे कॅमेरा झाला साडेसातशे रुपयांचा. दहा हजारांच्या कर्जातला दहावा हिस्सासुद्धा नाही! लाकडी पेटी, बाजूला हँडल. हाताने सेकंदाला दोन फेरे दिले की सोळा चित्रे उमटायची, आणि फिल्म साधारण फूटभर पुढे सरकायची. कॅमेऱ्याबरोबर त्यांनी कोडॅकची कोरी फिल्म आणली आणि आणले एक पर्फोरेटर. हे शेवटचे यंत्र दिसायला क्षुल्लक. त्या काळी कोरी फिल्म बहुधा विनाछिद्र मिळे. कडेची छिद्रे घरी पाडली तरच कॅमेऱ्याचे दाते ती पुढे ओढणार. एका फुटाला एका कडेला ६४ छिद्रे पडतात, आणि त्यांत केसाएवढा फरक झाला तरी पडद्यावर चित्र थरथरते.

अंधारात चाचपडत करायचे हे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. दादरच्या मथुरा भवनात दिवसभर मंडळींचा स्वयंपाक, तोही पुढे साठ-सत्तर माणसांचा, आणि रात्री छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे. वेळ आली तेव्हा त्यांचे दागिनेही गहाण पडले. फाळके चरित्रात त्यांच्या वाट्याला चार ओळी येतात, हे मला नेहमीच खटकत आले आहे. बाईंच्या मजुरीचा आकडा त्या हिशेबात धरला, तर स्वस्तात झालेला हा चित्रपट मुळीच स्वस्त उरत नाही.

कॅमेरा आला तरी चित्रपटाला भांडवल हवेच होते. फाळक्यांनी काय करावे? कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण केले. मिनिटभराच्या फिल्ममध्ये बी रुजते, कोंब वर येतो, वेल चढतो. मोजक्या लोकांना ही ‘अंकुराची वाढ’ दाखवली आणि यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे यांच्यासारख्यांनी कर्ज देऊ केले. नट नाहीत, सेट नाही, दिवे नाहीत; खर्च मूठभर वाटाण्यांचा आणि थोड्या फिल्मचा. नवे यंत्र घेतले की पहिल्याच दिवशी महाकाव्य काढायला निघणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम ऐकवतो.

‘राजा हरिश्चंद्र’साठी दिव्यांवर पैसा घातलाच नाही. दिवा आकाशात होता. महालाचे प्रसंगसुद्धा बंगल्याच्या आवारात उन्हात उभारलेल्या सेटवर घेतले. ऊन डोक्यावर आले की नटांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. त्यावर उपाय पांढऱ्या चादरींचा. सरस्वतीबाई भर उन्हात चादरी धरून उभ्या राहत आणि प्रकाश चेहऱ्यावर परतवत. आज थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून हेच काम होते. त्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे, तो काळा उमटे. तेव्हा रंगभूषाही बेतूनच करावी लागे.

कॅमेरा चालवायला त्र्यंबकेश्वरचे स्नेही त्र्यंबक तेलंग यांना शिकवून तयार केले. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे साळुंके फाळक्यांच्या नजरेत भरले. दहा रुपयांच्या पगाराऐवजी पंधरा देऊन त्यांना आणले, असे सांगतात. सहा महिने सत्तावीस दिवसांत ३७०० फुटांचा चित्रपट पुरा झाला आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला.

पुढचा काळ भरभराटीचा. मुक्काम नाशिकला हलला. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये साळुंक्यांनीच राम केला आणि सीताही. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ यांत कृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. यांतले चमत्कार जुन्या जादूगाराने कॅमेऱ्यातच केले. हँडल थांबवायचे, माणूस हलवायचा, पुन्हा फिरवायचे. किंवा त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा चित्रण करायचे. वेगळे यंत्र लागले नाही. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या त्यांच्या लघुपटाचा काही भाग सुदैवाने टिकला आहे. त्यात खुद्द फाळके फिल्मची पट्टी धरून निरखताना दिसतात.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांची सगळी बचतीची विद्या इथे अडली. हाताने हँडल फिरवताना वेग थोडा कमी-जास्त झाला तर मूकपटात खपून जाई. आवाजाला ते चालत नाही, सूरच बिघडतो. सेकंदाला चोवीस चित्रांचा नेमका वेग हवा, म्हणजे मोटार आली. यंत्राची खडखड मायक्रोफोनला ऐकू जाते, म्हणजे कॅमेऱ्यावर आवरण आले. आवारातला सूर्यप्रकाश फुकट होता, पण त्याच्याबरोबर कावळे आणि टांगेही होते. बंद स्टुडिओ आला, आणि बंद जागेत विजेचे दिवे आले. ध्वनिमुद्रणाचे यंत्र स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसण्यासारखे नव्हते. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून काढला होता. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला.

खराखुरा बोलपट त्यांनी एकच केला, ‘गंगावतरण’ (१९३७). तो कोल्हापूर सिनेटोन या संस्थेसाठी. दिवे, ध्वनियंत्र, स्टुडिओ सगळे संस्थेचे. दोन वर्षे लागली आणि खर्च सुमारे अडीच लाखांवर गेला. फाळक्यांचे वय तेव्हा ६७ होते. त्यानंतर त्यांनी चित्रपट काढला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.