अंगकोर थॉमचा शिल्पकार राजा : सातवा जयवर्मन

कंबोडियातील अंगकोर वाट पाहून पर्यटक उत्तरेकडे निघाला, की सुमारे शंभर मीटर रुंद खंदकापलीकडे अंगकोर थॉमचे दक्षिणद्वार दिसते. द्वाराच्या माथ्यावरून चारी दिशांना पाहणारे भव्य चेहरे मंद हसत असतात. ही तटबंद नगरी उभारणारा ख्मेर सम्राट सातवा जयवर्मन सत्तेवर आला, तेव्हा त्याचे तारुण्य केव्हाच सरले होते.

राजा दुसरा धरणींद्रवर्मन याचा हा पुत्र. गादी मात्र इतरांच्या हाती गेली आणि उमेदीची वर्षे प्रतीक्षेत सरली. ११७७ मध्ये शेजारच्या चंपा राज्याच्या सैन्याने राजधानी लुटल्याचे परंपरेने मानले जाते. या आक्रमकांचा पराभव करून जयवर्मनने ११८१ मध्ये राज्याभिषेक करून घेतला.

पूर्वीचे बहुतेक ख्मेर राजे शिव वा विष्णूचे उपासक; जयवर्मनने मात्र महायान बौद्ध पंथाला राजाश्रय दिला. राणी जयराजदेवीच्या निधनानंतर तिची थोरली बहीण इंद्रदेवी हिच्याशी त्याने विवाह केला. ही विदुषी संस्कृत शिलालेखाची रचनाकार म्हणून इतिहासाला ज्ञात आहे.

त्यानंतर बांधकामांचा जणू महापूर लोटला. ११८६ मध्ये मातेच्या स्मरणार्थ ता प्रोह्म, ११९१ मध्ये पित्यासाठी प्रिआ खान आणि प्रत्येकी सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या चार तटभिंतींची राजधानी. नगरीच्या मध्यभागी बायॉनचे मंदिर उभे राहिले. तेथील मनोऱ्यांवरचे चेहरे लोकेश्वर बोधिसत्त्वाचे की खुद्द राजाचे, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. भिंतींवर मात्र युद्धाबरोबरच बाजार, स्वयंपाक, कोंबड्यांची झुंज असे सामान्यांचे जीवनही कोरलेले आहे.

राज्यात १०२ रुग्णालये असल्याची नोंद ता प्रोह्मच्या शिलालेखात आहे. प्रजेच्या व्याधी राजाला स्वतःच्या व्याधींपेक्षा अधिक क्लेश देतात, असा आशय रुग्णालयांच्या शिलालेखांतून व्यक्त होतो. पण या करुणेचा भार कोणी वाहिला? ता प्रोह्मच्या सेवेसाठी ३१४० गावे आणि ७९ हजारांहून अधिक माणसे नेमल्याचे तोच शिलालेख सांगतो. एका मंदिराचा हा हिशेब आहे. पाषाणाचे चिरे ओढणाऱ्या, तांदूळ पुरवणाऱ्या हातांची नावे मात्र कोठेही कोरलेली नाहीत. चंपावरील स्वाऱ्यांचा खर्चही याच राज्याने सोसला.

१२१८ च्या सुमारास त्याची कारकीर्द संपली. त्याच शतकात पुढे त्याने घडवलेल्या असंख्य बुद्धप्रतिमा छिन्नीने नष्ट करण्यात आल्या. बायॉनमधील मुख्य बुद्धमूर्तीही फोडून विहिरीसारख्या खड्ड्यात टाकण्यात आली. तिचे तुकडे १९३३ मध्ये उत्खननात सापडले आणि ते पुन्हा जोडण्यात आले.

१९९२ मध्ये अंगकोरचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. वृक्षांच्या मुळांनी कवटाळलेल्या ता प्रोह्मच्या जतनकार्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानेही सहभाग घेतला. नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात जयवर्मनची मानली जाणारी एक मूर्ती आहे. तिच्या अंगावर मुकुट नाही, दागिने नाहीत. मिटल्या डोळ्यांनी बसलेला एक स्थूल, प्रौढ पुरुष तेवढा दिसतो. राज्यभर मंदिरे उभारणाऱ्या सम्राटाचे हे रूप अंगकोर पाहून आलेल्याने आवर्जून पाहावे.