गुरुऋण

आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे या गावी फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती. तेव्हा आपला भाग निजामाच्या राज्यात होता. त्या परिषदेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. बाबासाहेबांची थोरवी आपण सर्वजणी जाणतो. परंतु त्यांच्या एका गुरूची ओळख आपणांस फारशी नसते. ती करून द्यावी म्हणून हे चार शब्द.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की तहानलेलेच राहावयाचे!

पुढे १९१३ साली बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. वय अवघे बावीस. तेथे जॉन ड्युई हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. लोकशाही म्हणजे नुसते मत देणे नव्हे. ती एकमेकांत मिसळून, एकमेकांचे सुखदुःख वाटून घेऊन जगण्याची रीत आहे, अशी त्यांची शिकवण होती. ज्या समाजात माणसामाणसांत भिंती आहेत, तेथे खरी लोकशाही नांदत नाही, असे ते मानीत. ज्याने गोणपाटावर बसून शिक्षण घेतले, त्याच्या अंतःकरणाला हे शब्द किती भिडले असतील!

ते बीज वाया गेले नाही. १९३६ साली बाबासाहेबांनी जातिभेदाच्या निर्मूलनावर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात ड्युई हे आपले गुरू असल्याचे सांगून त्यांचे ऋण मान्य केले. आपल्या राज्यघटनेच्या प्रारंभी स्वातंत्र्य व समता यांच्या जोडीला बंधुता आहे. बंधुतेवाचून पहिली दोन टिकावयाची नाहीत, हे बाबासाहेबांनी घटना समितीत बजावून सांगितले. १९५० साली त्यांनी औरंगाबादेस महाविद्यालय काढले आणि मराठवाड्यातील गोरगरिबांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. वर्गात ड्युई कसे बोलत, याची हुबेहूब नक्कल ते तीस वर्षांनंतरही आनंदाने करून दाखवीत, अशी आठवण त्यांच्या पत्नी माईसाहेब सांगत.

१९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी देण्याचे ठरविले. समारंभ ५ जूनला होता. वृद्ध गुरूंची भेट होईल, ही मोठी आस होती. परंतु १ जून रोजीच ड्युई वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. चार दिवसांनी भेट चुकली! बाबासाहेबांनी माईसाहेबांना पत्र लिहून आपले दुःख कळविले आणि आपली सारी वैचारिक घडण या गुरूंमुळे झाली, असे कृतज्ञतेने नमूद केले. पुढे ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबही गेले.

भगिनींनो, आपले मंडळ एका सतरंजीवर बसते, याचा आपणांस अभिमान आहे. पण त्या सतरंजीवर गावातील प्रत्येक गल्लीची बाई बसते काय? हळदीकुंकवाला विधवा भगिनीस बोलावणे जाते काय? वर्धापनदिनी एवढा एक प्रश्न आपण आपल्या मनास विचारला, तरी त्या गुरुशिष्यांचे ऋण थोडेसे फिटेल.