रेव्हरंड गॉर्डन हॉल यांचें सेवाव्रत

प्रभूच्या सेवेसाठीं मनुष्यानें काय सोडलें हें जगाला लवकर दिसतें. त्याला काय मिळालें हें बहुधा उशिरा कळतें. मराठी मुलखांत काम करावयास आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकीं एक, रेव्हरंड गॉर्डन हॉल, यांच्या चरित्रावरून ही गोष्ट चांगली ध्यानांत येते.

हॉलसाहेबांचा जन्म १७८४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत टॉलंड गांवीं झाला. १८०८ सालीं विल्यम्स कॉलेजांतील शिक्षण पुरें करून त्यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास केला. पुढें वुडबरी येथील मंडळीनें त्यांस पाळक होण्याविषयीं आग्रहाचें बोलावणें केलें. आप्तस्वकीयांच्या देशांत सुखानें सेवा करण्याची ती वाट होती. परंतु ज्यांनीं ख्रिस्ताचें नांवहि ऐकलें नाहीं अशा लोकांकडे आपणांस जावयाचें आहे, असें सांगून त्यांनीं नकार दिला.

ता. ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलेम येथें पांच तरुणांस दीक्षा मिळाली, त्यांत ते होते. ते कलकत्त्यास पोहोंचतांच कंपनी सरकारनें देश सोडून जाण्याचा हुकूम केला. तेव्हां सोबती नॉट यांच्यासह ते मुंबईकडे निघाले व ता. ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं तेथें उतरले. तेथेंहि तोच हुकूम! वर्षाच्या अखेरीपर्यंत आज जावें लागतें कीं उद्यां, अशा स्थितींत त्यांनीं दिवस काढले. पण मराठी शिकणें थांबविलें नाहीं. त्यांनीं गव्हर्नरसाहेबांस नम्रपणें पण निर्भयपणें विनंतीपत्रें लिहिलीं, आणि शेवटीं राहण्याची मोकळीक मिळाली.

मग रस्त्यांतून व देवळांजवळ लोकांशीं बोलणें, शाळा चालविणें, नव्या कराराच्या मराठी भाषांतरास हात लावणें, असें काम सुरू झालें. १८१७ सालीं मिशनच्या छापखान्यांतून पहिलें मराठी पुस्तक बाहेर पडलें. परंतु इतक्या श्रमांनंतरहि बाप्तिस्मा घेणारे अगदींच थोडे निघाले. १८२१ सालीं त्यांचे सोबती न्यूएल मुंबईंतच पटकीनें वारले. १८२५ सालीं मुलांच्या प्रकृतीसाठीं हॉलसाहेबांनीं पत्नीस व दोघां मुलांस अमेरिकेस पाठविलें. त्यांपैकीं एक मुलगा वाटेंतच समुद्रावर वारला. स्वतः मात्र ते कामावर राहिले.

१८२६ च्या मार्चांत ते दोन ख्रिस्ती मुलगे बरोबर घेऊन नाशिकास गेले. तेथें पटकीची सांथ जोरांत होती. त्यांनीं सुवार्ता सांगितली, पुस्तकें वांटलीं, आणि जवळचें बहुतेक औषधहि आजाऱ्यांस देऊन टाकलें. परततांना एका खेड्यांतील देवळाच्या ओसरीवर त्यांनीं मुक्काम केला. तेथेंच पहांटे त्यांस पटकीनें गांठलें. आपला अंत जवळ आला हें ओळखून त्यांनीं मुलांस धीर दिला, जमलेल्या लोकांस उपदेश केला, आणि देवाचें गौरव करीत ता. २० मार्च रोजीं देह ठेवला. वय एक्केचाळीस वर्षांचें. शवपेटी नव्हती, पाळक नव्हता. त्या मुलांनींच त्यांस कांबळ्यांत गुंडाळून मूठमाती दिली.

त्याच वर्षीं मराठी नवा करार छापून निघाला. पांच वर्षांनीं, १८३१ सालीं, त्यांच्याच मिशनचें काम अहमदनगरास सुरू झालें व तेथून खेड्यापाड्यांत पसरलें. त्यांतून ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांपैकीं एकहि हॉलसाहेबांच्या दृष्टीस पडली नाहीं.

मग त्यांस प्रतिफळ कोणतें मिळालें? सगे दूर, औषध संपलेलें, श्रमांचें फळ डोळ्यांआड, अशा घडीस ज्याच्या तोंडून कुरकुर न निघतां स्तुति निघाली, त्यास तें आधींच मिळालें होतें. खेड्यांतील जो सेवक वर्षानुवर्षें खपूनहि आपली ओंजळ रिकामी पाहतो, त्यानें ह्या ओसरीची आठवण ठेवावी. पेरणें त्याच्याकडे आहे. पीक मोजणें धन्याकडे आहे.