वशिल्याने मोठे झालेले चेस्टर आर्थर वशिलेबाजीच्याच मुळावर कसे उठले?

२० सप्टेंबर १८८१. रात्रीचे दोन वाजून गेले होते. न्यूयॉर्कमधील राहत्या घरी चेस्टर आर्थर यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि अनेकांनी कपाळावर हात मारून घेतला. कारणही तसेच होते.

आर्थर मूळचे वकील. ट्राममधून जबरदस्तीने उतरवलेल्या एलिझाबेथ जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिक्षिकेचा खटला त्यांनी १८५५ मध्ये तरुणपणीच जिंकून दिला होता. पण पुढे ते न्यूयॉर्कचे सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग यांच्या गोटात गेले. त्या काळी सरकारी नोकरी म्हणजे सत्ताधारी पक्षाचा प्रसाद. निवडणूक जिंकली की जुन्यांना घरी पाठवायचे, आपली माणसे चिकटवायची आणि त्यांच्याच पगारातून पक्षनिधी उकळायचा.

या व्यवस्थेचे मोठे केंद्र होते न्यूयॉर्कचे कस्टम हाऊस. देशाच्या आयात शुल्काचा सर्वांत मोठा वाटा इथे जमा होई. १८७१ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी आर्थर यांना तिथे कलेक्टर नेमले. हाताखाली सुमारे हजार माणसे. दंडाच्या रकमेतला हिस्सा धरून वर्षाची कमाई ५० हजार डॉलरच्या घरात, तीही कायदेशीर! १८७४ मध्ये हा हिस्सा बंद झाला. चौकशीनंतर १८७८ मध्ये अध्यक्ष हेज यांनी त्यांना पदावरून दूर केले.

तरीही १८८० मध्ये कॉन्कलिंग गटाची नाराजी दूर करण्यासाठी गारफिल्ड यांच्यासोबत त्यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर चार्ल्स गिटो याने गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. पक्षासाठी राबूनही सरकारी पद मिळाले नाही, हा त्याचा राग. वर, आता आर्थर अध्यक्ष होणार, असेही तो बोलून गेला. संशयाची सुई आर्थर यांच्याकडे वळली.

गारफिल्ड मृत्यूशी झुंजत असताना आर्थर यांना एक पत्र आले. लिहिणारी ज्युलिया सँड ही आजाराने घरात अडकलेली, अनोळखी तरुणी. स्वतःला बदला, असा तिचा स्पष्ट आग्रह. अशी २३ पत्रे तिने पाठवली. ऑगस्ट १८८२ मध्ये अध्यक्ष न कळवता तिच्या घरी जाऊन आले. या पत्रांमुळेच ते बदलले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. गारफिल्ड यांच्या हत्येने देश खवळला होता आणि १८८२ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने मार खाल्ला होता.

१६ जानेवारी १८८३ रोजी आर्थर यांनी पेंडलटन कायद्यावर सही केली. ठरावीक पदांसाठी स्पर्धा परीक्षा आली. कर्मचाऱ्यांकडून पक्षनिधीची सक्तीची वसुली बंद झाली. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के नोकऱ्याच कायद्याखाली आल्या, पण परीक्षा घेणारा आयोग आर्थर यांनी खरोखर चालू दिला. जुने मित्र दुरावले.

मूत्रपिंडाचा आजार त्यांनी लोकांपासून लपवला. १८८४ मध्ये पक्षाने उमेदवारी नाकारली. १८ नोव्हेंबर १८८६ रोजी ते गेले. मृत्यूच्या थोडे आधी त्यांनी आपली बहुतेक कागदपत्रे जाळायला लावली. ज्युलियाची पत्रे मात्र उरली.