छात्रालयातला संपादक

बँकेच्या शाखेत नोव्हेंबर महिना हा निवृत्तिवेतनधारकांचा. हयातीच्या दाखल्यावर सही करण्यासाठी काठ्या टेकीत, नातवंडांचा हात धरून माणसे येतात. १९९० नंतरच्या काही वर्षांत माझी बदली खानदेशात अमळनेरला होती. तिथे महसूल खात्यातून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ यायचे. इतर लोक मी बोट ठेवीन तिथे सही करून मोकळे होत. हे मात्र चष्मा पुसून फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेत. पुढची बाजू झाली की मागची. छापखान्याचे नाव तळाशी बारीक टाइपात असते, तेसुद्धा. मागे रांग कुरकुरत असे. एकदा मीही किंचित वैतागून म्हणालो, की काका, त्यात वाचण्यासारखे काही नाही. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितले, की सवय छात्रालयातली आहे. समोर आलेला कागद शेवटपर्यंत वाचायचा, कारण कुणीतरी रात्र जागून तो आपल्यासाठी लिहिलेला असतो.

कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारावे लागले नाही. अमळनेरात त्या पिढीच्या तोंडी 'गुरुजी' या शब्दाला पुढे-मागे नाव लागत नसे.

मला त्या दिवशी थोडे ओशाळल्यासारखे झाले. साने गुरुजी माझ्या लेखी 'श्यामच्या आई'चे लेखक होते. ते पुस्तक दहाव्या वर्षी वाचून मी उशी भिजवली होती आणि कॉलेजात गेल्यावर त्या भिजलेल्या उशीची मला लाज वाटू लागली होती. कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्या आम्हा मित्रांत गुरुजींचे नाव चेष्टेत निघायचे. रडका लेखक, एवढीच आमची समीक्षा. पण या पुस्तकाच्या आधी हा माणूस एक दैनिक चालवीत होता, त्याचा खप एक प्रत होता आणि ती एक प्रत वाचलेला वाचक साठ-पासष्ट वर्षांनी माझ्या टेबलासमोर बसला होता, हे मला ठाऊकच नव्हते. मग मी गुरुजी नव्याने वाचायला घेतले, या वेळी टोकाच्या बाजूने.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोलीजवळच्या पालगडचा. घराणे खोताचे, पण वैभव ओसरत चाललेले. वडिलांच्या वाट्याला कर्ज आले आणि आईच्या वाट्याला ते झाकण्याची धडपड. 'श्यामच्या आई'तली कर्जाची आणि जप्तीची प्रकरणे मी नोकरीत असताना पुन्हा वाचली, तेव्हा वसुलीच्या बाजूला बसलेला माणूस म्हणून वाचली. शेतीकर्जाच्या नोटिसांवर सह्या करणाऱ्याने ती एकदा वाचायला हवीत. असो.

त्या घरात पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती. होत्या त्या ओव्या, स्तोत्रे, पुराणातल्या गोष्टी आणि सांगणारी माणसे. पुढे गुरुजींनी बायकांच्या ओव्या घरोघरून गोळा करून 'स्त्री जीवन' सिद्ध केले, त्याचे मूळ या माजघरात आहे. पण मुलाला छापील पुस्तकाची भूकही लागली होती आणि ती फार तीव्र होती. थोर माणसे पुष्कळ वाचतात, आपल्याला थोर व्हायचे आहे, म्हणून पुस्तकांसाठी श्याम पैसे चोरतो आणि आईपुढे उघडा पडतो, असे एक प्रकरण त्या पुस्तकात आहे. आईच्या शिकवणुकीसाठी ते आपण लक्षात ठेवतो. मला आता त्यातला चोर अधिक जवळचा वाटतो. पुस्तकासाठी चोरी करण्याइतका आतुर झालेला मुलगा आणि त्याच्या आवाक्यात एकही वाचनालय नाही! पुढे आयुष्यभर हा माणूस मुलांच्या हातात काहीतरी वाचायला देत राहिला, याचे बीज मला इथे दिसते.

दापोली, मग औंध, मग पुणे असे शिक्षण झाले. कधी उपाशी, कधी कुणाच्या आधाराने. १९१७ मध्ये आई गेली. पुण्यात बी.ए. करून ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले, एम.ए. झाले. तत्त्वज्ञानाच्या कोरड्या वादात त्यांचे मन रमले नाही आणि १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. तीच पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. थोड्याच काळात शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

गुरुजींच्या आयुष्यातली ही सहा वर्षे. चरित्रकार ती भरभर ओलांडतात, कारण पुढे तुरुंग, उपोषणे, पंढरपूर असे मोठे प्रसंग वाट पाहत असतात. मला मात्र इथेच थांबावेसे वाटते.

छात्रालयात खेड्यापाड्यांतून आलेली मुले. बरीच पहिल्यांदाच घर सोडून आलेली. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे आवरीत, आजारी मुलांचे कपडे धूत. हे सगळे आपण ऐकलेले असते आणि ऐकून डोळे पाणावून पुढे जातो. पण याच्याच जोडीने त्यांनी एक काम केले, त्याची चर्चा होत नाही. त्यांनी मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक सुरू केले. नाव 'छात्रालय'. वर्गातले शिकवणे, वह्या तपासणे, मुलांचे जेवण-दुखणे हे सारे उरकल्यावर लिहायला बसायचे. देशातल्या घडामोडी, थोरांच्या चरित्रातला एखादा प्रसंग, एखादी माहिती आणि त्याबरोबर खुद्द छात्रालयात काय चालले आहे तेही. सकाळी ते मुलांपुढे हजर.

साप्ताहिक नव्हे, दैनिक. रविवारच्या पानासाठी एक लेख लिहायला मला आठवडा लागतो आणि त्यातही संपादकांचा दोनदा फोन येतो, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो. या दैनिकाला जाहिरात नव्हती, वर्गणी नव्हती आणि ते काढा असे शाळेने सांगितलेले नव्हते. मुले वाचत नाहीत अशी तक्रार करून हा मनुष्य स्वस्थ बसला नाही. मुलांना वाचावेसे वाटेल असे रोज काहीतरी त्याने स्वतः लिहून ठेवले. आपल्याच खोलीची, आपल्याच जेवणाच्या पंगतीची हकीकत शाईत उमटलेली पाहण्यासाठी कोणता मुलगा धावत येणार नाही? आणि एकदा तिथे आला, की शेजारच्या रकान्यातला गोखल्यांचा किंवा गांधींचा प्रसंग तो सोडणार कसा? माझे पेन्शनर काका तिथेच, उभ्याउभ्या, वाचायला शिकले. अक्षरे त्यांना आधीपासून येत होती.

पुढे 'विद्यार्थी' नावाचे मासिकही गुरुजींनी काढले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली, त्यांनी नोकरी सोडली आणि छात्रालयाचे दैनिक संपले. मुलांचे आवडते मास्तर गेले, ही त्या लढ्याची एक किंमत होती, आणि ती मुलांनी मोजली.

तुरुंगात गुरुजींच्या भोवतीची मंडळी बदलली, पण सांगणे आणि लिहून ठेवणे चालूच राहिले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेचे सत्याग्रही भेटले. इतक्या जवळची माणसे एकमेकांच्या भाषांना इतकी परकी कशी, हा प्रश्न तिथे मनात रुतला. तमिळ 'कुरळ' मराठीत आणण्याची ओढ आणि पुढची आंतरभारतीची कल्पना यांचे धागे तिथपर्यंत जातात. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती आज आपण वाचू शकतो याचे कारण ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि त्यांचा हात भरभर चालत होता.

मग नाशिकचा तुरुंग. १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेला सुरुवात करून १३ तारखेपर्यंत, 'श्यामची आई'चे मुख्य लेखन झाले. पाच दिवस! आम्हा मित्रांची खिल्ली बाजूला ठेवून मी त्या पुस्तकाची रचना पाहिली, तेव्हा चकित झालो. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. आश्रमातली प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या आईची आठवण सांगतो, मित्र ऐकतात, हळूहळू गावातली लहानथोर माणसेही येऊन बसू लागतात. म्हणजे ते पुस्तक हीच एक बैठक आहे. लेखकाने छापील पानात सतरंजी अंथरली आहे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचीही जागा राखली आहे. महाराष्ट्रात कित्येक घरांत हे पुस्तक मोठ्याने वाचले गेले, ते त्यातल्या अश्रूंमुळे तर खरेच, पण या घडणीमुळेही, असे मला वाटते.

गुरुजींचे सगळेच मला पटते असे नाही. त्यांच्या गोष्टींत चांगुलपणाचा पाऊस जरा जास्त पडतो. खोडकर मूल शेवटी पश्चात्ताप पावल्याशिवाय सुटत नाही. मुलांना निखळ उनाडकीही वाचायला हवी असते. ती मराठीत पुढे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने पुरवली. पण एक गोष्ट गुरुजींनी अशी केली, की तिचे ऋण मी उशिरा ओळखले. जगातल्या मोठ्या कादंबऱ्या त्यांनी मुलांना कळेल अशा मराठीत सांगितल्या. 'मनूबाबा' मी तिसरी-चौथीत वाचला. तो एकाकी विणकर आपल्याच मुलखातला कुणी आहे, असे मी धरून चाललो होतो. जॉर्ज इलियटची 'सायलस मार्नर' हाती आली तेव्हा वयाची तिशी उलटली होती आणि दहा पाने झाल्यावर मी ओरडलोच, की अहो, हा तर आमचा मनूबाबा. 'फुलाचा प्रयोग' ही ड्यूमाच्या काळ्या ट्यूलिपची गोष्ट, हेही असेच नंतर कळले.

१९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले आणि दार उघडले. ही कथा सर्वांना माहीत आहे. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येने ते खचले, २१ दिवस उपाशी राहिले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू केले. पुन्हा संपादक! आणि या 'साधने'तून त्यांनी पुतणी सुधा हिला पत्रे लिहिली. फुले, पाखरे, समुद्र, पुस्तके, भेटलेली माणसे, सगळे त्या पत्रांत आहे. पुढे ती 'सुंदर पत्रे' या नावाने ग्रंथरूप झाली. एका मुलीला लिहिलेले पत्र हजार मुलांनी वाचायचे. छात्रालयातला तोच जुना संपादक, वाचक तेवढे वाढलेले.

आणि ही पत्रे लिहीत असतानाच, ११ जून १९५० रोजी, मुंबईत, झोपेच्या गोळ्या घेऊन त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. वय पन्नास. पाखरांच्या रंगांवर लिहिणारा हात आणि हा हात यांची सांगड मला आजवर घालता आलेली नाही. समजूत पटेल अशी उत्तरे पुष्कळांनी दिली आहेत. मी 'सुंदर पत्रे' उघडतो आणि तारखा न पाहता वाचतो, एवढेच.

त्यांच्या मागे, १९५१ मध्ये, प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. स्मारक म्हणून पुतळा न उभारता मुलांना गोष्टी सांगायच्या, ही कल्पना. शिक्षक, सेवादलाचे कार्यकर्ते, कुणी कारकून, कुणी गृहिणी, आठवड्यातून एकदा मुलांना जमवीत, गाणे म्हणत, गोष्ट सांगत. मानधन नाही, परीक्षा नाही. आमच्या गावात टपाल खात्यातले एक गृहस्थ शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात गोष्ट सांगत. वाईट सवय अशी, की ऐन रंगात आलेली गोष्ट ते मध्येच तोडत आणि उरलेली वाचनालयातल्या अमुक कपाटात आहे म्हणून सांगून सायकलवर बसत. त्या माणसावर चिडून मी वाचनालयाचा सभासद झालो.

निवृत्तीनंतर मीही शनिवारी एका नगरपालिकेच्या शाळेत जातो. आम्ही चौघे निवृत्त आहोत, पुस्तकांची एक पत्र्याची पेटी आहे. सुरुवातीला मी निवडक, उत्तम मराठी मोठ्याने वाचून दाखवले आणि वीस मिनिटांत निम्मी मुले खिडकीपाशी गेली. कादंबरीकाराचा अहंकार दुखावण्यासाठी याहून चांगला उपाय नाही. दोन-तीन शनिवार असेच गेले. मग काकांचा फॉर्म आठवला. पुढच्या खेपेला मी फुलस्केप कागदावर हाताने एक पान लिहून नेले. कुणाचा दात पडला, कुणाच्या शेळीला करडू झाले, मैदानातल्या चिंचेला मोहोर आला, आणि खाली कोपऱ्यात पेटीतल्या एका पुस्तकातली अर्धी गोष्ट. भिंतीला लावायला चिकटपट्टीही नेली होती.

तिची गरज पडली नाही. दुसरीतल्या एका मुलीने कागद हातात घेतला, बोट ठेवून आपले नाव शोधले आणि त्यातली वेलांटी चुकल्याचे मला दाखवले. मी दुरुस्त केली. मग तिने करडाची बातमी वाचली, मग चिंचेची, मग उलटून मागे काही आहे का ते पाहिले. उरलेली गोष्ट कुठे आहे, म्हणून विचारले. मी पेटीकडे बोट दाखवले. ती पुस्तक घेऊन गेली आणि जाताना कागदही घेऊन गेली. त्यामुळे आमच्या पहिल्या अंकाची प्रत माझ्याकडे नाही.